संमोहनातून निघालेली साक्ष

अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या १९६३ सालच्या हत्येच्या कटाबद्दल खटला चालला तो एकाच माणसावर. क्ले शॉ हे न्यू ऑर्लिन्समधल्या इंटरनॅशनल ट्रेड मार्टचे माजी संचालक. जिल्हा सरकारी वकील जिम गॅरिसन यांनी १ मार्च १९६७ रोजी त्यांना अटक केली. १ मार्च १९६९ रोजी ज्युरीने तासाभराच्या आत त्यांना निर्दोष ठरवलं.

कटाचा मुख्य साक्षीदार होता विमा विकणारा पेरी रूसो. १९६३ साली डेव्हिड फेरी या वैमानिकाच्या (गॅरिसन यांचा हा आणखी एक संशयित) घरी कटाची बोलणी आपण ऐकली, असं तो सांगे. गोम आहे ती क्रमात. २५ फेब्रुवारी १९६७ रोजी गॅरिसन यांच्या सहायकाने त्याचा जबाब घेतला. त्याच्या लेखी टिपणात ही बैठकच नाही. (सांगितली होती, लिहायची राहिली, असा खुलासा पुढे झाला.) २७ तारखेला रूसोला सोडियम पेंटोथॉल हे गुंगीचं औषध दिलं गेलं. १ मार्चला संमोहन, १२ मार्चला पुन्हा. संमोहनात डॉक्टरांनी त्याला डोळ्यांसमोर टीव्हीचा पडदा आणायला लावला आणि त्यावर बर्ट्रंड (गॅरिसन यांच्या मते हे शॉ यांचंच टोपणनाव), फेरी आणि केनेडींच्या हत्येचा आरोप असलेला ऑस्वाल्ड कुणाला तरी मारायचं बोलताहेत, असं स्वतःच सुचवलं. उत्तर प्रश्नातच होतं!

पेंटोथॉल हे भूल देण्याचं औषध. शिरेतून किलोमागे ३ ते ५ मिलिग्रॅम एकदम दिलं की माणूस अर्ध्या मिनिटात झोपतो. चौकशीसाठी ते थेंबाथेंबाने देऊन त्याला गुंगीत ठेवतात. जरा जास्त झालं की झोप, आणखी जास्त झालं की श्वासच मंदावतो. मेंदूतल्या ‘गाबा’ या रसायनाचा प्रभाव त्याने वाढतो, मेंदूचा लगाम सैल पडतो आणि जीभ सुटते. पण सुटलेल्या जिभेवर खरं, ऐकीव आणि कल्पित सगळंच येतं. गुंगीतला माणूस खोटंही बोलू शकतो.

संमोहनाचा धोका वेगळा. १९८३ साली लॉरेन्स आणि पेरी या मानसशास्त्रज्ञांनी सहज संमोहित होणारे २७ जण निवडले. गेल्या आठवड्यात शांत झोप लागलेल्या एका रात्री मोठ्या आवाजाने जाग आली होती, असं संमोहनात त्यांना सुचवलं. नंतर शुद्धीवर असताना १३ जणांनी ते खरंच घडल्याचं सांगितलं. अशा साक्षीदाराची उलटतपासणी करून फारसं हाती लागत नाही, कारण तो खोटं बोलत नसतो.

म्हणून साक्षीदाराच्या संमोहनासाठी मानसोपचारतज्ज्ञ मार्टिन ऑर्न यांनी घालून दिलेल्या नियमांत एक अट अशी, की संमोहनाआधी साक्षीदाराला जे आठवतं ते सगळं नोंदवून घ्यायचं. संमोहन करणारा तज्ज्ञ पोलिसांपासून स्वतंत्र हवा, खोलीत तिसरं कुणी नको, आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत व्हिडिओ हवा.

आपल्याकडे पेंटोथॉलचीच ‘नार्को टेस्ट’ झाली. बनावट मुद्रांक प्रकरणात २००४ साली मुंबई उच्च न्यायालयाने ती मान्य केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सक्तीच्या चाचणीवर बंदी घातली. संमतीने केली तरी त्यातलं बोलणं पुरावा ठरत नाही. त्यातून एखादी वस्तू सापडली, तर तेवढी न्यायालयात येऊ शकते.