रूपांतरित खडक आणि पर्वतनिर्मितीचा इतिहास

रूपांतरित खडक : जमिनीत खोल गाडला जाऊन, उष्णता व दाब सोसून, पण न वितळता ज्याची खनिजे आणि पोत पालटले असा खडक. चिखलाच्या थरांपासून आधी पाटीचा दगड होतो, मग अभ्रकाने चकाकणारी सुभाजा आणि त्याहून खोलवर पट्ट्यापट्ट्यांचा पट्टिताश्म. चुनखडकाचा संगमरवर होतो. पर्वत झिजून सपाट झाले तरी त्यांच्या मुळाशी घडलेले हे खडक उरतात. म्हणून नाहीशा झालेल्या पर्वतांचा इतिहास बहुतांशी त्यांच्यातूनच वाचावा लागतो.

ठाणे आणि नवी मुंबईच्या डोंगरांत असे वाचण्यासारखे फार थोडे आहे. येऊर काय किंवा पारसिक काय, सगळा काळा दगड म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा, अर्थात बेसाल्ट. सह्याद्री दोन भूखंडांच्या टकरीतून उभा राहिलेला नाही. पनवेलच्या पट्ट्यात हे थर समुद्राकडे वाकलेले दिसतात, पण तेही भूकवच ताणले गेल्यामुळे, असे मानतात. दगडखाणीत बेसाल्टच्या पोकळ्यांमधून पांढरे स्फटिक निघतात, ते बहुधा झिओलाइटचे. थरांतून झिरपलेल्या गरम पाण्याने ते घडवले. रूपांतरणाच्या सर्वांत खालच्या पायरीला याच खनिजांवरून ‘झिओलाइट संलक्षणी’ म्हणतात. जिना इथे या पहिल्या पायरीशीच संपतो.

वरच्या पायऱ्या पाहायच्या तर घरातच पाहाव्यात. देव्हाऱ्यातला मकराण्याचा संगमरवर अरवलीतला. स्वयंपाकघराच्या ओट्याला ‘काश्मीर व्हाइट’ नावाचा पांढुरका, तांबूस ठिपक्यांचा ‘ग्रॅनाइट’ बसवतात. तो काश्मीरचा नाही आणि ग्रॅनाइटही नाही. तो तमिळनाडूतला पट्टिताश्म आहे आणि ते ठिपके गार्नेट या खनिजाचे आहेत. सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वी भारत, आफ्रिका, अंटार्क्टिका वगैरे एकत्र असलेला गोंडवन महाखंड सांधला जात असताना तिथले खडक खोलवर तापले होते. (कडप्पा आणि कोटा या फरशा मात्र गाळाच्या चुनखडकाच्या. त्या रूपांतरित नव्हेत.)

खनिजांवरून उष्णता ओळखण्याची वाट जॉर्ज बॅरो या भूवैज्ञानिकाने १८९३ मध्ये दाखवली. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात मूळच्या चिखलाच्या खडकांमध्ये नवनवी खनिजे ठरावीक क्रमाने प्रकट होतात, हे त्याने नकाशावर मांडले. आज तो क्रम क्लोराइट, कृष्णाभ्रक (काळे अभ्रक), गार्नेट, स्टॉरोलाइट, कायनाइट, सिलिमनाइट असा सांगतात. मूळ माती तीच, वाढत गेली ती भट्टीची आच.

दाब ओळखायला अँडॅलुसाइट, कायनाइट आणि सिलिमनाइट ही तीन भावंडे कामी येतात. तिघांचे रासायनिक सूत्र एकच, अणूंची रचना मात्र वेगळी. अँडॅलुसाइट कमी दाबाला टिकते, कायनाइट जास्त दाबाला, सिलिमनाइट जास्त उष्णतेला. सुमारे ५०० अंश सेल्सिअस आणि साधारण १५ किमी खोलीच्या दाबाला तिघांच्या सीमा एका बिंदूत मिळतात. त्यामुळे नुसत्या भिंगातून ओळखलेले खनिजही खडक किती खोल जाऊन आला याचा अंदाज देते.

गार्नेट याहून बोलके. ते झाडाच्या खोडासारखे आतून बाहेर वाढते. गाभ्यात मँगनीज जास्त, कडेकडे लोह व मॅग्नेशियम वाढत जाते, आणि प्रत्येक वलय त्या त्या वेळच्या उष्णता-दाबाची नोंद ठेवते. वाढताना खडक पिळला जात असेल, तर आत अडकलेले कण नागमोडी रेघेत मांडले जातात. मात्र ७०० अंशांच्या पुढे दीर्घकाळ तापल्यास अणू सरकून वलये पुसट होतात. ओट्यावरच्या गार्नेटची बहुधा तीच गत झाली आहे.

खडक वर येताना ही खनिजे पूर्ववत का होत नाहीत? तापताना खडकातले पाणी निघून गेलेले असते. पाण्याविना आणि उतरत्या तापमानात रासायनिक क्रिया मंदावतात, म्हणून कमाल उष्णतेची खूण शिल्लक राहते.

काळ मोजण्यासाठी किरणोत्सारी घड्याळे वापरतात, म्हणजे ठरावीक वेगाने दुसऱ्या मूलद्रव्यात पालटत जाणारे खनिजांतले अणू. झिरकॉन या खनिजातील युरेनियम-शिसे घड्याळ ९०० अंशांनाही सहसा पुसले जात नाही. पांढऱ्या अभ्रकातले पोटॅशियम-आर्गॉन घड्याळ साधारण ४०० अंशांखाली, काळ्या अभ्रकातले ३०० अंशांखाली चालू होते. एकाच दगडातल्या या दोन घड्याळांत १० लाख वर्षांचे अंतर निघाले, तर तेवढ्या काळात तो सुमारे १०० अंशांनी निवाला. त्यावरून माथ्यावरचा डोंगर किती वेगाने झिजत होता याचा हिशोब मांडता येतो.

हिमालयात या पद्धतींनी थक्क करणारे निष्कर्ष दिले. लडाखमधील त्सो मोरीरी सरोवराजवळच्या एक्लोजाइट या फार मोठ्या दाबाखाली घडलेल्या खडकात गार्नेटच्या पोटी कोएसाइट सापडले. गारगोटीचे हे दाट रूप घडायला साधारण ९० किमी खोलीचा दाब लागतो. म्हणजे भारतीय भूखंडाची कड तिबेटखाली तितकी खोल गेली आणि पुन्हा वर आली. दार्जिलिंग-सिक्कीमच्या उतारांवर तर बॅरोचा क्रम उलटा आहे : वर चढावे तसतसे अधिक तापलेले खडक लागतात. तापलेला पत्थर ‘मेन सेंट्रल थ्रस्ट’ या प्रचंड विभंगावरून (भूकवचातल्या भेगेवरून) थंड पत्थरावर सरकला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मात्र क्रम उलटला तो या सरकण्याच्या ओघात की नंतरच्या घड्या पडण्यात, यावर त्यांचे अजून एकमत नाही.