पळणारे मित्र, तोकडं बजेट आणि नागपूरचे रस्ते

तीन मित्र, हाती आलेली नको ती बॅग, उसनी गाडी आणि मागे लागलेला एखादा भाई. पहिला सिनेमा काढायला निघालेल्या पोट्ट्यांना ही गोष्ट फार लवकर सुचते. सेट लागत नाही, स्टार लागत नाही, आणि नागपुरातून पळायला चारही दिशा मोकळ्या.

पळापळीच्या विनोदी सिनेमाचा हा प्रकार रुजला तो १९३४ साली. हॉलिवूडमधल्या कोलंबिया या तेव्हाच्या दुय्यम कंपनीसाठी फ्रँक काप्रांनी बापाच्या तावडीतून पळालेली श्रीमंत मुलगी रात्रीच्या बसमध्ये बसवली, आणि 'इट हॅपन्ड वन नाइट'ने महत्त्वाची पाचही ऑस्कर नेली. आपल्याकडे १९५६ च्या 'चोरी चोरी'त तीच कथा आली. १९५९ मध्ये बिली वायल्डरच्या 'सम लाइक इट हॉट'मधले दोन वादक खून पाहून बायकांच्या वेशात आगगाडीत चढले. पळणाऱ्या मित्रांची जोडगोळी तिथे पक्की झाली. १९७२ च्या 'बॉम्बे टू गोवा'तही मुलगी पळते ती खून पाहिल्यामुळेच. पण तो खून निमित्ताला. लोकांना आठवते ती बस आणि तिच्यातली वल्ली.

हे सगळं दिसतं तितकं स्वस्त नव्हतं. ३५ मिमी फिल्मचा हजार फुटांचा रोल अकरा मिनिटांत संपतो. विनोद जमतो तो टायमिंगवर, टायमिंग जमतं रीटेकवर, आणि दर रीटेकला निर्मात्याचा जीव खालीवर. २००८ मध्ये कॅननच्या 'फाइव्ह डी मार्क टू' या फोटोच्या कॅमेऱ्यात फुल एचडी व्हिडिओ आला आणि रोलची धास्ती गेली. शिवाय टपरीसमोर तो कॅमेरा काढला तर लोकांना वाटतं, फोटो काढताहेत. युनिट आणि त्याची पात्रं यांची गरज मग एकच: कुणी विचारायला यायच्या आत तिथून निघायचं.

नागपूर मात्र बरीच वर्षं सिनेमा विकण्याचा मुलूख होता, काढण्याचा नव्हे. १९५६ मध्ये शहराचं राजधानीपद गेलं, तरी सिनेमा वितरणाच्या धंद्यात इथल्या सर्किटचं, म्हणजे विक्री-विभागाचं, 'सी. पी. बेरार' (जुना मध्य प्रांत आणि वऱ्हाड) हे नाव टिकलं. विनोदाची तालीम इथे वेगळ्याच ठिकाणी झाली: खडी गंमत आणि दंडार या लोकनाट्यांत, आणि झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या, रंगभूमीवर. दिवाळी सरली की गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव रात्रभर नाटकं करतात. पहाटे तीनला पेंगणाऱ्या मंडपाला हसवणारा नट कॅमेऱ्याला काय घाबरणार? 'काहून बे, पेट्रोल भरलं नाही काय?' एवढ्या वाक्यावर तो सीन काढून नेईल. या नटांना सिनेमाने फार उशिरा विचारलं, असं माझं मत.

रस्ताही बदलला. जुने सात आणि सहा क्रमांकाचे राष्ट्रीय महामार्ग, म्हणजे आताचे ४४ आणि ५३, नागपुरात एकमेकांना छेदतात. ११ डिसेंबर २०२२ ला शिर्डीपर्यंत खुला झालेला समृद्धी महामार्ग पळणाऱ्यांसाठी मात्र अगदीच निकामी. इंटरचेंज येईपर्यंत खाली उतरता येत नाही, टोल अंतरावर, आणि फास्टॅगमुळे गाडी कुठून चढली, कुठे उतरली याची नोंद. शहाणा लेखक तिघांना दुचाकीवरच बसवेल. समृद्धीवर तिला बंदी, म्हणजे बाजारगाव, कोंढाळी, तळेगाव असा जुना अमरावती रस्ता आपोआप आला. तिथे पंक्चर होतं, सावजी ढाब्यावर बिल कुणी द्यायचं यावरून जुंपते, आणि भाईची गाडी येऊन थांबते तीही त्याच ढाब्यावर.