प्रवासातील छायाचित्रण व चित्रीकरण : कॅमेरा आणि लेन्सची निवड

प्रवासात फोटो आणि व्हिडिओ ही दोन्ही कामे ज्या साहित्यावर भागवायची, ते कॅमेरे, लेन्स आणि त्यांच्यासोबतचे फिल्टर, बॅटऱ्या, मेमरी कार्डे निवडण्याचा हा विषय आहे. स्टुडिओत काम करणाऱ्याला प्रसंग पाहून लेन्स बदलता येते. प्रवाशाला दिवसभर खांद्यावर पेलेल तेवढ्यातच निभावून न्यावे लागते. त्यात फोटो आणि व्हिडिओ यांच्या गरजा बऱ्याच ठिकाणी एकमेकींच्या आड येतात. फोटोसाठी नावाजलेली लेन्स व्हिडिओत डोकेदुखी ठरू शकते, आणि देखणा व्हिडिओ देणारी बॉडी (लेन्सविना नुसता कॅमेरा) फोटोत बेताची असू शकते. खरेदीची चर्चा बहुधा बॉडीपासून सुरू होते, पण हा क्रम उलटा आहे. बॉडी काही वर्षांत मागे पडते, चांगली लेन्स दोन-तीन बॉड्यांना पुरते, आणि ज्या माउंटच्या (लेन्स बॉडीला जोडणाऱ्या सांध्याच्या) लेन्स जमवल्या त्या माउंटमधून सहज बाहेर पडता येत नाही. म्हणून आधी कोणत्या लेन्स लागतील ते ठरवावे, मग माउंट आणि सर्वांत शेवटी बॉडी.

पूर्वपीठिका

खिशात किंवा गळ्यात बाळगण्याजोगा कॅमेरा मुळात सिनेमाच्या फिल्मवर उभा राहिला. जर्मन अभियंते ऑस्कर बार्नाक यांनी ३५ मिमी सिनेफिल्म आडवी फिरवून १८×२४ मिमी चौकटीच्या जागी २४×३६ मिमी चौकट घेतली, आणि त्यावर बेतलेला लायका कॅमेरा १९२५ मध्ये बाजारात आला. आजच्या 'फुल फ्रेम' सेन्सरचे (चित्र टिपणाऱ्या चिपचे) माप तेच आहे. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचे बरेचसे काम लायका आणि ५० मिमी लेन्स एवढ्यावर झाले. प्रवासाच्या बॅगेत पाच लेन्स भरणाऱ्याने हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

स्थिर आणि चलचित्रांचे मार्ग नंतर वेगळे झाले आणि २००८ मध्ये पुन्हा एकत्र आले. त्या वर्षी निकॉन डी९० हा व्हिडिओ टिपणारा पहिला डीएसएलआर (आतल्या आरशाच्या मदतीने दृश्य दाखवणारा, लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा) आला, पाठोपाठ कॅनन ५डी मार्क २ ने फुल फ्रेम सेन्सरवर फुल एचडी व्हिडिओ दिला. त्याच वर्षी पॅनासॉनिकने ल्युमिक्स जी१ आणून आरसा काढून टाकला. २०१३ मध्ये सोनीने ए७ मालिकेतून फुल फ्रेम मिररलेस (बिनआरशाचे) कॅमेरे आणले. कॅनन आणि निकॉन त्या वाटेला २०१८ मध्ये लागले.

आरसा गेल्यामुळे लेन्स आणि सेन्सर यांच्यातले अंतर कमी झाले. कॅननच्या जुन्या ईएफ माउंटमध्ये ते ४४ मिमी आणि निकॉन एफमध्ये ४६.५ मिमी होते. सोनी ई मध्ये १८, निकॉन झेडमध्ये १६ आणि कॅनन आरएफमध्ये २० मिमी आहे. मधल्या रिकाम्या जागेत अ‍ॅडॉप्टर बसतो, त्यामुळे डीएसएलआरच्या जुन्या लेन्स मिररलेसवर चालतात. उलटे होत नाही. जुन्या चांगल्या लेन्स घरात असतील तर त्या फुंकून टाकण्याची घाई करू नये. मात्र व्हिडिओत सतत फोकस धरून ठेवण्याच्या कामी अ‍ॅडॉप्टरवरची जुनी लेन्स बऱ्याचदा अडखळते.

सेन्सरचे आकारमान

फुल फ्रेमच्या खालोखाल एपीएस-सी (सुमारे २३.५×१५.६ मिमी), मायक्रो फोर थर्ड्स (१७.३×१३ मिमी) आणि 'एक इंची' (१३.२×८.८ मिमी) हे आकार प्रचलित आहेत. दृश्यकोनाची तुलना करताना फोकल लेंग्थला (लेन्सच्या नावातल्या मिमीच्या आकड्याला; तो लहान तर दृश्य रुंद) अनुक्रमे १.५, २ आणि २.७ ने गुणतात. कॅननच्या एपीएस-सीसाठी हा आकडा १.६ आहे. मायक्रो फोर थर्ड्सवरची १२-३५ मिमी एफ/२.८ (उजेड आत घेणाऱ्या छिद्राचे, म्हणजे अ‍ॅपर्चरचे माप; आकडा लहान तर छिद्र मोठे) लेन्स फुल फ्रेमच्या २४-७० मिमी इतके दृश्य दाखवते. उजेडाच्या हिशेबात ती एफ/२.८ च राहते, पण पार्श्वभूमी धूसर करण्याच्या बाबतीत मात्र एफ/५.६ सारखी वागते. जाहिरातीत यातला सोयीचा तेवढाच अर्धा भाग सांगितला जातो.

मोठा सेन्सर अंधारात सरस ठरतो, हे खरे. प्रश्न वजनाचा आहे. मिररलेस बॉडी हलक्या झाल्या, पण फुल फ्रेम झाकणारी एफ/२.८ झूम लेन्स ज्या काचा मागते त्या मागतेच. सोनीच्या २४-७० मिमी एफ/२.८ जीएम लेन्सची २०१६ ची आवृत्ती ८८६ ग्रॅमची होती. २०२२ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती ६९५ ग्रॅमवर आली, आणि एवढे खाली येणे हाच मोठा पराक्रम मानला गेला. पायी भटकणाऱ्याने, डोंगर चढणाऱ्याने एपीएस-सी किंवा मायक्रो फोर थर्ड्सला कमी लेखू नये. हॉटेलात ठेवून दिलेल्या फुल फ्रेमपेक्षा गळ्यातला छोटा सेन्सर केव्हाही जास्त फोटो काढतो.

लेन्स : फोटोची कसोटी, व्हिडिओची कसोटी

फोटोसाठी लेन्स पाहताना कडांपर्यंतची स्पष्टता, रंगांच्या किनारी, प्रकाशाविरुद्धची वागणूक या गोष्टी तपासतात. ४के चौकट ३८४०×२१६० म्हणजे जेमतेम ८३ लाख पिक्सेलची असते, त्यामुळे व्हिडिओत स्पष्टतेची ही कसोटी बरीच सैल होते. तिच्या जागी दुसऱ्याच गोष्टी पुढे येतात. फोकस एका वस्तूवरून दुसरीवर नेताना चौकट किंचित आत-बाहेर सरकते. याला ब्रीदिंग म्हणतात. फोटोत ते कधीच दिसत नाही, व्हिडिओत लक्ष वेधून घेते. काही नव्या बॉड्या ते चौकट थोडी कापून आपोआप झाकतात, पण बहुतेक वेळा स्वतःच्याच कंपनीच्या लेन्सपुरते. झूम करताना फोकस टिकून राहणे हा गुण सिनेमाच्या लेन्समध्ये मुद्दाम घडवलेला असतो. फोटोच्या बहुतेक झूम लेन्समध्ये तो नसतो आणि फोटोत त्यावाचून काही अडत नाही. फोकसच्या मोटारीचा आवाज, सूर्य ढगाआड गेल्यावर अ‍ॅपर्चरचे टप्प्याटप्प्याने उड्या मारणे, झूम फिरवताना नळी पुढे येऊन गिंबलचा (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या मोटारीच्या दांड्याचा) तोल बिघडणे, हेही याच यादीतले.

बदलत्या अ‍ॅपर्चरची झूम लेन्स फोटोत चालून जाते, व्हिडिओत खटकते. एफ/३.५-५.६ लेन्स पूर्ण उघडी ठेवून चालू शॉटमध्ये झूम केली की चित्र डोळ्यांदेखत काळवंडते. शॉटच्या मध्ये झूम न करणाऱ्याला याचे सोयरसुतक नाही, आणि प्रवासी व्हिडिओत झूम टाळलेलाच बरा.

रुंद कोनाबद्दल एक फसवी गोष्ट आहे. व्हिडिओ सुरू केल्यावर काही कॅमेरे सेन्सरचा मधला भागच वापरतात. २०१८ च्या कॅनन ईओएस आरमध्ये ४के घेताना चौकट सुमारे पावणेदोनपट कापली जात असे, म्हणजे २४ मिमी लेन्स ४२ मिमीसारखी दिसे. डिजिटल स्थिरीकरण (हादरे सॉफ्टवेअरने झाकण्याची सोय) चालू केले की आणखी काप बसतो. हात लांब करून स्वतःलाच टिपणाऱ्याला २४ मिमीचा दृश्यकोन कसाबसा पुरतो. त्यावर असा काप पडला तर चौकटीत चेहऱ्याखेरीज काही उरत नाही, आणि ज्या ठिकाणासाठी प्रवास केला ते दिसतच नाही. अशा कामाला फुल फ्रेमच्या हिशेबात १६ ते २० मिमी लागते.

उजेड, शटर आणि एनडी फिल्टर

फोटोत भरपूर ऊन म्हणजे वेगवान शटर (उजेड आत घेण्याचा वेळ कमी), एवढे सरळ आहे. व्हिडिओत हालचाल डोळ्याला सहज वाटावी म्हणून शटर फ्रेमदराच्या साधारण दुप्पट ठेवतात. सेकंदाला २५ फ्रेम तर शटर १/५० सेकंद. आता भर दुपारचे उदाहरण घ्या. रंगसंस्कारासाठी लॉग या फिक्या, कमी उठावाच्या पद्धतीने चित्रण करताना कित्येक कॅमेरे आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलतेचा आकडा) ६४० किंवा ८०० च्या खाली उतरू देत नाहीत. आयएसओ ८०० ला कडक उन्हात योग्य एक्स्पोजर एफ/१६ आणि १/८०० च्या आसपास येते. शटर १/५० वर आणले की चार स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) उजेड जास्त, अ‍ॅपर्चर एफ/४ वर उघडले की आणखी चार. हे आठ स्टॉप म्हणजे २५६ पट उजेड अडवणारा एनडी फिल्टर लागतो. महागडी एफ/१.४ लेन्स घेऊन एनडी न घेणारा माणूस दिवसा ती लेन्स व्हिडिओसाठी उघडूच शकत नाही.

फिरवून गडद-फिका होणारा व्हेरिएबल एनडी प्रवासात सोयीचा, पण तो दोन ध्रुवण फिल्टरांचा जोड असल्याने रुंद लेन्सवर टोकाला नेला की आकाशात फुलीसारखा काळा पट्टा उमटतो. फिल्टर सर्वांत मोठ्या लेन्सच्या मापाचा घ्यावा आणि लहान लेन्ससाठी स्टेप-अप रिंगा ठेवाव्यात. टॅमरॉनने सोनी ई साठी काढलेल्या १७-२८, २८-७५, ७०-१८० आणि २८-२०० मिमी या लेन्सना एकच ६७ मिमी फिल्टर बसतो. अशी जुळणी कागदावर क्षुल्लक वाटते, बॅगेत मोलाची ठरते.

देश बदलला की विजेची वारंवारता बदलते, हेही लक्षात असावे. ५० हर्ट्झच्या देशात १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झच्या देशात १/६० किंवा १/१२० शटर ठेवले तर कृत्रिम दिव्यांची लुकलुक सहसा टळते. सवयीचे १/५० घेऊन ६० हर्ट्झच्या शहरात रात्रीचा बाजार टिपला की चित्रात सरकते पट्टे येतात, आणि ते नंतर काढणे जिकिरीचे असते.

बॉडी

बॉडी निवडताना मेगापिक्सेलचा आकडा शेवटी पाहावा. २४ मेगापिक्सेल (६०००×४०००) प्रवासाला पुष्कळ झाले, आणि ६००० पिक्सेल रुंदीवरून ३८४० वर उतरवलेला ४के व्हिडिओ चांगला रेखीवही येतो. दहा बिटच्या व्हिडिओमध्ये प्रत्येक रंगाच्या १०२४ छटा नोंदतात, आठ बिटमध्ये २५६. संध्याकाळच्या आकाशाचे रंग संपादनात थोडे ताणले की आठ बिटमध्ये पायऱ्या दिसू लागतात. रंगांवर नंतर काम करायचेच नसेल तर या फरकासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

सेन्सरचे स्थिरीकरण (सेन्सर हलवून हाताचा कंप झाकणे) उभे राहून हाती धरलेल्या शॉटला उत्तम साथ देते. चालताना मात्र पावलांचा हेलकावा ते पुरता गिळत नाही, आणि अतिरुंद लेन्सवर कोपरे लडबडल्यासारखे दिसतात. चालत-बोलत चित्रण हेच मुख्य काम असेल तर डीजेआय ऑस्मो पॉकेट ३ (२०२३) सारखे, एक इंची सेन्सर छोट्या गिंबलवर बसवलेले उपकरण मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा उजवे. सेन्सर ओळीओळीने वाचला जात असल्याने धावत्या गाडीच्या खिडकीतून खांब तिरके दिसतात. संपूर्ण चौकट एकाच क्षणी वाचणारा फुल फ्रेम कॅमेरा, सोनी ए९ ३, नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झाला. प्रवासी चित्रीकरणासाठी एवढा खर्च करावा असे सहसा कारण नसते.

तापण्याकडे मात्र दुर्लक्ष नको. कॅनन आर५ (२०२०) मध्ये २३ अंश सेल्सिअसला ८के चित्रण सुमारे २० मिनिटेच चालेल, असे कंपनीनेच सांगितले होते. उन्हात त्याहून कमी. जुन्या कॅमेऱ्यांतली २९ मिनिटे ५९ सेकंदांची मर्यादा तापमानामुळे नव्हती. सलग ३० मिनिटे वा अधिक टिपणारा कॅमेरा युरोपीय संघाच्या सीमाशुल्कात व्हिडिओ कॅमेरा ठरे आणि त्यावर वेगळा कर लागे, म्हणून ती घातलेली होती.

एक संच

बहुतेकांना एक झूम आणि एक उजळ प्राइम (झूम नसलेली, एकाच फोकल लेंग्थची लेन्स) पुरते. फुल फ्रेमवर २४-१०५ किंवा २४-१२० मिमी एफ/४ झूम दिवसा जवळजवळ सगळे करते. अंधार पडल्यावर ३५ मिमी एफ/१.८ लावावी. एफ/२.८ झूम यात मधल्यामध्ये अडकते: दिवसा तिच्या रुंद अ‍ॅपर्चरची गरज नसते, रात्री ते अपुरे पडते, आणि वजन दोन्ही वेळा अंगावर येते. लग्नसोहळे आणि बातम्यांच्या कामात तिला पर्याय नाही, पण ती वेगळी कामे. एकच लेन्स न्यायची असेल तर २८-२०० मिमी पल्ल्याची लेन्स स्पष्टतेत थोडी तडजोड करून लेन्स बदलण्याचा खटाटोप वाचवते; मात्र २८ मिमी अरुंद गल्ल्यांत आणि स्वतःला टिपताना अपुरी पडते.

वीज, साठवण, हवामान

सेकंदाला १०० मेगाबिट दराने व्हिडिओ टिपला तर तासाला ४५ जीबी भरतात, ४०० मेगाबिटने १८० जीबी. कार्डावरचा व्ही३०, व्ही६०, व्ही९० हा शिक्का सेकंदाला किती मेगाबाइट सलग लिहिण्याची हमी आहे ते सांगतो. ४०० मेगाबिट म्हणजे ५० मेगाबाइट, म्हणून व्ही६० पुरते. विमानप्रवासात सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनच्या सामानातच न्याव्या लागतात आणि १०० वॉट-तासांपर्यंत वेगळी परवानगी सहसा लागत नाही. सोनीची एनपी-एफझेड१०० बॅटरी ७.२ व्होल्ट, २२८० मिलिअ‍ॅम्पिअर-तास, म्हणजे १६.४ वॉट-तासांची आहे. मर्यादा गाठली जाते ती मोठ्या पॉवर बँकेमुळे. यूएसबी-सीवरून चार्ज होणारी बॉडी असेल तर वेगळा चार्जर घरी राहू शकतो.

वातानुकूलित खोलीतून दमट हवेत आल्यावर लेन्सवर दव धरते. कॅमेरा बंद बॅगेतच ठेवून बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावा. त्या अर्ध्या तासात लेन्स बदलू नये, नाहीतर ओल सेन्सरपर्यंत जाते. दमट प्रदेशात लेन्स आठवडेच्या आठवडे अंधाऱ्या बॅगेत पडून राहिली तर आतल्या काचांवर बुरशीचे तंतू पसरतात. जुनी लेन्स घेताना ती उजेडासमोर धरून, मागून टॉर्च मारून हे तंतू शोधावेत; बुरशीने काचेवरचा थर खाल्ला असेल तर साफसफाईनेही तो परत येत नाही.