पान थांबतं कुणासाठी?

२०२७च्या सिंहस्थाच्या आशेवर नाशिकमध्ये लॉज, होमस्टे, टॅक्सीवाले यांची बुकिंगची वेबपानं धडाक्यात बनताहेत. बहुतेकांत परक्या सर्व्हरवरून येणाऱ्या स्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारे छोटे प्रोग्राम) असतात: नकाशा, पेमेंट, चॅट, भेटींची मोजणी. गेल्या पावसाळ्यात गंगापूर रोडवरच्या एका होमस्टेसाठी आम्ही केलेलं पान ऐन शनिवारी सकाळी पांढरंफटक पडलं. आमचा सर्व्हर ठणठणीत होता. चॅटवाल्यांचा मात्र ना हो म्हणत होता, ना नाही, आणि ब्राउझर त्याच्यासाठी ताटकळत बसला.

ही ताटकळण्याची खोड जुनी आहे. मे १९९५मध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप या ब्राउझर कंपनीत दहा दिवसांत जावास्क्रिप्ट या स्क्रिप्टच्या भाषेचा पहिला नमुना लिहिला. पान उलगडत असतानाच त्यात मजकूर घालण्याची 'डॉक्युमेंट.राइट' ही सोय सुरुवातीच्या काळातलीच. स्क्रिप्ट मध्येच काय लिहील याचा नेम नाही, मग ती संपेपर्यंत पुढचं एचटीएमएल (पान ज्यात लिहिलेलं असतं ती भाषा) वाचणार कसं? म्हणून ब्राउझर थांबायचा. स्क्रिप्ट पानातच होती तोवर हे थांबणं क्षणभराचं होतं. 'एसआरसी' या फाइलचा पत्ता सांगणाऱ्या खुणेमुळे ती बाहेरून येऊ लागली आणि किती थांबायचं ते परक्याच्या हाती गेलं.

१९९७च्या एचटीएमएल ४.०मध्ये 'डिफर', म्हणजे पान वाचून झाल्यावर स्क्रिप्ट चालवायची सूचना, आलं, पण फायरफॉक्सने ते घ्यायला २००९ उजाडलं. मधल्या काळात, २००५मध्ये भेटी मोजणारं गूगल अ‍ॅनालिटिक्स आलं आणि परकी स्क्रिप्ट घरोघरी पोचली. वेबच्या वेगाचे अभ्यासक स्टीव्ह सौडर्स यांनी २०१०मध्ये स्पष्ट बजावलं की अशी एक स्क्रिप्ट अडकली तर अख्खं पान अडकतं. त्याच वर्षी फायरफॉक्स ३.६मध्ये 'असिंक', म्हणजे स्क्रिप्ट येईपर्यंत न थांबता पान पुढे वाचायची सूचना, आलं.

'असिंक' लावलं की काम झालं, असं अनेकांना वाटतं. ते चूक आहे. सर्व्हरने नकार दिला, तर 'ऑनएरर' (फाइल आली नाही हे सांगणारा इशारा) लगेच वाजतो. सर्व्हर गप्प राहिला, तर जोडणी सुटेपर्यंत तो वाजतच नाही. आपला टायमर आपणच लावावा लागतो. शिवाय फाइल नीट आली पण आत कोसळली, तर स्क्रिप्ट मागवणाऱ्या टॅगवरच्या 'ऑनएरर'ला त्याचा पत्ता नसतो. ती चूक विंडोपर्यंत, म्हणजे अख्ख्या पानाच्या चुका टिपल्या जातात तिथपर्यंत, जाते, आणि स्क्रिप्ट परक्या डोमेनची असल्यामुळे तिथे नुसतं 'स्क्रिप्ट एरर' एवढंच दिसतं. तपशील हवा असेल तर टॅगवर 'क्रॉसओरिजिन' ही खूण आणि त्यांच्या सर्व्हरची परवानगी, दोन्ही लागतात.

स्क्रिप्ट वेळेवर आली पण भलतीच निघाली तर? फेब्रुवारी २०१८मध्ये ब्राउजअलाउड या वाचून दाखवणाऱ्या साधनात कुणीतरी घुसलं आणि ४,०००हून अधिक साइटवर वाचकांच्या मशीनवर गुपचूप क्रिप्टोचं खाणकाम सुरू झालं. २०२४मध्ये जुन्या ब्राउझरना नव्या सोयी पुरवणाऱ्या पॉलिफिल.आयओ या विकल्या गेलेल्या डोमेनवरून घातक कोड लाखाहून अधिक साइटपर्यंत पोचला. फाइलचा ठसा ताडून बघणारी 'इंटिग्रिटी' २०१६पासून प्रमाणित आहे. पण चॅट-पेमेंटवाले आपली फाइल केव्हाही बदलतात, म्हणून तिथे ती टिकत नाही. जेक्वेरी या तयार कोडच्या संचासारखी स्थिर फाइल मात्र सरळ आपल्याच सर्व्हरवर ठेवावी.

होमस्टेच्या पानावर आता चॅट पान उघडल्यानंतर मागवलं जातं. पाच सेकंदांत आलं नाही तर त्याची जागा मिटते. मालकांचा फोन नंबर आणि खोल्यांचे दर साध्या एचटीएमएलमध्ये सर्वांत वर आहेत. पर्वणीच्या गर्दीत, रामकुंडावरून रडतखडत चालणाऱ्या नेटवरही ते आधी दिसावेत म्हणून.