स्क्रम : उगम आणि शिकण्याची पद्धत

स्क्रम म्हणजे सॉफ्टवेअर टीमनी ठराविक मुदतीच्या छोट्या टप्प्यांत काम करायची एक चौकट. अजाइल (सगळं आधी न आखता थोडं थोडं बांधत, बदल पचवत जाणाऱ्या) म्हणून ज्या पद्धती ओळखल्या जातात त्यात हिचाच बोलबाला सगळ्यात जास्त, इतका की बऱ्याच ऑफिसांत अजाइल म्हटलं की स्क्रमच धरून चालतात. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग, कानबान या वेगळ्या वाटा आहेत, त्यांचा इथे संबंध येईल तेवढाच उल्लेख.

उगम : ट्रेनिंगमध्ये सांगतात ती गोष्ट साधारण अशी, की १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीच्या हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका यांचा लेख आला, त्यात रग्बीची उपमा होती आणि तिथून स्क्रम (हा रग्बीतलाच शब्द) निघालं. लेख आला हे खरं, उपमाही खरी, पण तो सॉफ्टवेअरवर नव्हताच. त्यात फुजी-झेरॉक्सचं एफएक्स-३५०० कॉपियर, कॅननचा एई-१ कॅमेरा, होंडा सिटी गाडी, एनईसीचा पीसी ८००० अशी उत्पादनं होती, आणि मुद्दा हा होता की डिझाइन पूर्ण झालं की पुढच्या खात्याकडे ढकललं असं न करता एकच मिश्र टीम सगळे टप्पे एकमेकांवर चढवत शेवटपर्यंत नेते. याच लेखात मर्यादाही दिल्यात, त्यात ऐन गर्दीच्या काळात महिन्याला १०० तास आणि एरवी ६० तास ओव्हरटाइम होतो असं साफ लिहिलंय. हा भाग कोर्सच्या स्लाइडवर सहसा येत नाही!

सॉफ्टवेअरच्या संदर्भात हे नाव पीटर डीग्रेस आणि लेस्ली स्टाल यांच्या १९९० च्या पुस्तकात सापडतं. प्रत्यक्ष टीम मात्र १९९३ ची, ईझल कॉर्पोरेशनमधली, जेफ सदरलँड, जॉन स्कम्निओटेलस आणि जेफ मॅकेना यांची. रोजच्या छोट्या मीटिंगची कल्पना मात्र तिथली नव्हे, सदरलँड स्वतः तिचं श्रेय बोरलँड कंपनीच्या क्वाट्रो प्रो या स्प्रेडशीटच्या टीमवर जेम्स कोप्लीन यांनी केलेल्या अभ्यासाला देतात. दुसरीकडे स्क्रमचे दुसरे जनक केन श्वेबर यांची वाट वेगळीच होती, ड्यूपाँटमधल्या प्रोसेस कंट्रोलच्या तज्ज्ञांशी बोलून त्यांचं मत बनलं की सॉफ्टवेअर बनवणं ही आधी पूर्ण आखता येईल अशी प्रक्रिया नाही, ती बघत बघत सुधारावी लागते. १९९५ मध्ये ऑस्टिनला भरलेल्या ऊप्सला या प्रोग्रॅमिंगवरच्या परिषदेत स्क्रम पहिल्यांदा मांडलं गेलं. सदरलँड आणि श्वेबर दोघांनी मिळून मांडलं असं स्क्रमची अधिकृत मार्गदर्शिका (स्क्रम गाइड) म्हणते, छापलेल्या निबंधावर नाव मात्र एकट्या श्वेबरांचं आहे. जपानी लेखातून सरळ स्क्रम जन्मलं म्हणण्यापेक्षा हे दोन-तीन प्रवाह नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एकत्र आले असं मानणं जास्त पटतं.

त्याच्याही मागे जाता येतं. क्रेग लार्मन आणि व्हिक्टर बॅसिली यांनी २००३ च्या लेखात दाखवलंय की टप्प्याटप्प्याने बांधत जाणं जुनंच आहे, नासाच्या मर्क्युरी प्रकल्पात अर्ध्या अर्ध्या दिवसाचे टप्पे होते. आणि ज्याच्या विरोधात हे सगळं उभं राहिलं म्हणतात त्या वॉटरफॉलचं, म्हणजे एक टप्पा पुरा झाला की मगच पुढचा या पद्धतीचं, खापर विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या निबंधावर फोडतात, पण त्यात तो शब्दच नाही, शिवाय ती सरळसोट पद्धत जोखमीची आहे असं रॉइसनी तिथेच लिहून ठेवलंय. फेब्रुवारी २००१ मध्ये युटातल्या स्नोबर्डला सॉफ्टवेअरमधले १७ जण जमले आणि ४ मूल्यं, १२ तत्त्वांचा अजाइल जाहीरनामा आला.

चौकट : मार्गदर्शिका पहिल्यांदा २०१० मध्ये आली, नोव्हेंबर २०२० च्या आवृत्तीत ती जेमतेम १३-१४ पानांची उरली. स्प्रिंट (कामाचा एक टप्पा) एक महिन्याचा किंवा कमी, महिन्याच्या स्प्रिंटला प्लॅनिंग जास्तीत जास्त ८ तास, रिव्ह्यू (झालेलं काम दाखवणं) ४, रेट्रो (काम करायची पद्धत कशी सुधारायची ही चर्चा) ३, डेली म्हणजे रोजची छोटी मीटिंग १५ मिनिटं, टीम साधारण १० किंवा कमी माणसांची. टीममध्ये प्रॉडक्ट ओनर (काय बनवायचं त्याचा क्रम ठरवणारा), स्क्रम मास्टर (स्क्रम नीट चालतंय ना ते बघणारा), डेव्हलपर्स, बस.

शिकणाऱ्याचा गोंधळ होतो तो जे मार्गदर्शिकेत नाही त्यावरून. स्टोरी पॉइंट (काम किती मोठं याचा आकडा) नाहीत, युजर स्टोरी (वापरणाऱ्याच्या नजरेतून लिहिलेलं छोटं काम) नाही, व्हेलॉसिटी (एका स्प्रिंटमध्ये किती पॉइंट संपतात) नाही, डेलीत उभं राहायचंही कुठे लिहिलेलं नाही. ‘काल काय केलं, आज काय करणार, काय अडलंय’ हे तीन प्रश्न २०२० मध्ये काढून टाकले तरी आजही नवीन माणसाला पहिल्या दिवशी तेच पाठ करायला लावतात. स्टोरी पॉइंट एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगकडून आले, त्या पद्धतीच्या सुरुवातीच्या मंडळींपैकी रॉन जेफ्रीज यांच्या सांगण्यानुसार आधी ‘आदर्श दिवसां’त अंदाज द्यायचे, पण ३ दिवसांच्या कामाला ९ दिवस का लागतात असं लोक विचारायला लागले म्हणून ‘दिवस’ शब्द गाळून नुसते पॉइंट म्हणायला लागले. प्लॅनिंग पोकर, म्हणजे प्रत्येकाने आकड्याचा पत्ता टाकून कामाचा अंदाज द्यायचा, हे २००२ मध्ये जेम्स ग्रेनिंग यांनी आणलं आणि माइक कोन यांनी गाजवलं. पत्ते सगळ्यांनी एकदम उलटायचे, म्हणजे सीनियरचा आकडा ऐकून बाकीचे त्याची री ओढत नाहीत. एकाने ३ टाकले आणि दुसऱ्याने १३, तर त्या दोघांनीच आधी बोलायचं, कारण बहुतेक वेळा एकाला जुन्या कोडमधली भानगड माहीत असते आणि दुसऱ्याला नसते.

शिकवण्याची पद्धत : कोर्स बहुधा दोन दिवसांचा. त्यात बोरिस ग्लोगर यांचा बॉल पॉइंट खेळ फार चालतो, सगळ्यांनी चेंडू हाताळायचा, शेजारच्याला द्यायचा नाही, हवेतून गेला पाहिजे, सुरुवात आणि शेवट एकाच माणसाकडे. दोन मिनिटांची फेरी, किती चेंडू पुरे होतील याचा आधी अंदाज सांगायचा, मग मिनिटभर चर्चा, पुन्हा फेरी. आकडा वाढतो आणि अंदाज जवळ यायला लागतो, दोन्ही डोळ्यांसमोर होतं म्हणून ते लक्षात राहतं.

प्रत्यक्ष कामावर अडतं ते ‘झालं’ या शब्दावर. पासवर्ड विसरल्यावर ओटीपीने लॉगिन, एवढी साधी स्टोरी घ्या. डेव्हलपर म्हणतो झालं, त्याच्या मशीनवर ओटीपी येतोय. कोडचा रिव्ह्यू बाकी, चुकीचा ओटीपी तीनदा टाकला तर काय ते ठरलेलं नाही, टेस्टरकडे बिल्डच गेलेलं नाही आणि बोर्डवर कार्ड ‘डन’मध्ये. शेवटच्या दोन दिवसांत ते परत मागे येतं आणि पुढच्या स्प्रिंटला स्पिलओव्हर (उरलेलं काम) म्हणून चिकटतं. म्हणून ‘डन’ची व्याख्या पहिल्याच स्प्रिंटआधी लिहून काढावी, स्टोरी पॉइंटवर तासभर वाद घालण्यापेक्षा हे जास्त उपयोगी.

भारतातल्या, विशेषतः पुण्या-मुंबईच्या टीमची डेली बरेचदा अमेरिकेच्या सोयीने संध्याकाळी असते, त्यामुळे दिवस संपताना आजचा हिशोब द्यायची ती वेळ होऊन बसते आणि आपसातलं नियोजन राहून जातं. काही टीम यावर उपाय म्हणून सकाळी आपली आपण वेगळी दहा मिनिटं बसतात.

प्रमाणपत्रं : स्क्रम अलायन्स या संस्थेच्या सीएसएमला (सर्टिफाइड स्क्रम मास्टर) कोर्स सक्तीचा, परीक्षेत ५० पैकी ३७ बरोबर लागतात आणि दर दोन वर्षांनी फी भरून नूतनीकरण. स्क्रम डॉट ऑर्ग या दुसऱ्या संस्थेच्या पीएसएम १ ला (प्रोफेशनल स्क्रम मास्टर) कोर्स सक्तीचा नाही, ६० मिनिटांत ८० प्रश्न, ८५ टक्के लागतात, मुदत नाही.