नवा असिस्टंट कोच आला की पोरं मागोमाग का येतात: पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये नवा असिस्टंट कोच घेतल्याची बातमी आली की फॅन लोक पहिलं हेच विचारतात की हा कुठल्या खेळाडूला घेऊन येतोय? डिफेन्स शिकवता येतो का वगैरे नंतर.

जुनं ठळक उदाहरण 1983 चं, कॅन्ससचं. नव्या हेड कोचने आपल्या जुन्या ओळखीतल्या एकाला असिस्टंट केलं, तो एकेकाळी प्रो खेळलेला पण तेव्हा ट्रक चालवत होता, आणि त्याचा पोरगा नॉर्थ कॅरोलायनात शाळेत शिकत होता, देशातल्या टॉप पोरांपैकी एक. बाप आला, पोरगा आला, आणि 1988 च्या फायनलला त्याने 31 पॉइंट, 18 रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं) काढून टायटल आणलं. ओरड झाली, पण नियमात बसत होतं.

 

खरा गुंता कॉलेज खेळ चालवणाऱ्या NCAA ह्या संघटनेच्या 2010 च्या नियमात. ‘खेळाडूशी संबंधित व्यक्ती’ अशी एक कॅटेगरी काढली: आईबाप, शाळेचा कोच, शाळेबाहेरच्या क्लबचा कोच, ट्रेनर, पोराभोवती फिरणारे मधले लोक, सगळे त्यात. पोरगा यायच्या दोन वर्षं आधीपासून तो आल्यावर दोन वर्षांपर्यंत अशा माणसाला कॉलेजने नोकरी द्यायची नाही. पण कुठली नोकरी? व्हिडिओ बघणारा, ऑपरेशन्स सांभाळणारा, जिममधला स्ट्रेंथ कोच, ह्या नाही चालणार. बेंचवर बसणारा पूर्ण असिस्टंट कोच मात्र चालेल! म्हणजे छोट्या पगाराचा व्हिडिओवाला केला तर गुन्हा, आणि त्यालाच मोठ्या पगारावर असिस्टंट केला तर स्टाफची नेमणूक. बाजू घेणारे तेव्हा म्हणायचे, असिस्टंटच्या जागा तीनच, त्यातली एक खर्ची घालायची म्हणजे किंमत मोजावी लागते, खोटी नोकरी काढता येत नाही. मुद्दा चूक नाही, पण माझ्या मते पुढचा दरवाजा सताड उघडा ठेवून मागच्या खिडकीला कुलूप लावल्यासारखं झालं हे.

2017 ला मिझुरीत तेच दिसलं. टीम त्या सीझनला 8-24 (8 जिंकल्या, 24 हरल्या), नवा हेड कोच आला, त्याने एका बापाला असिस्टंट घेतलं, आणि त्या बापाची दोन्ही पोरं आली, मोठा तर देशातल्या पहिल्या दोन-तिघांतला. तो पाठीच्या दुखण्याने जेमतेम 3 मॅच खेळला, तरी टीम पुढच्या सीझनला 20-13 वर गेली. नियम कुठेच मोडला नव्हता.

सगळे असिस्टंट बापच असतात असं नाही, बहुतेकांकडे फक्त ओळखी असतात. जुलैमधल्या क्लब टुर्नामेंटला बघा, कोच लोक कॉलेजचा लोगो असलेला टी-शर्ट घालून कोर्टच्या कडेला पहिल्या रांगेत बसतात, कारण त्या काळात पोराशी बोलायला बंदी, निदान आपण आलोय हे त्याला दिसावं म्हणून. अशा वेळी क्लबच्या कोचला दहा वर्षं ओळखणारा असिस्टंट सोन्याच्या भावाचा. सप्टेंबर 2017 मध्ये लाचेच्या प्रकरणात फेडरल अटका झाल्या तेव्हा पकडलेल्या 10 जणांत 4 असिस्टंट कोच होते, ह्याच ओळखींची ती काळी बाजू.

1 जुलै 2023 पासून दोन असिस्टंट वाढवायला परवानगी मिळाली, पण त्या नियमात कॅम्पसबाहेर जाऊन रिक्रूटिंग (खेळाडू हेरून आपल्याकडे वळवणं) करायची मुभा वाढीव दोघांना दिली नव्हती. म्हणजे नुसतं ‘नवा असिस्टंट’ वाचून उड्या मारण्यात अर्थ नाही, तो बाहेर जाणाऱ्या तिघांतला आहे का ते बघायला लागायचं. आणि ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलायला निघालेल्या खेळाडूंची ऑनलाइन यादी) आल्यापासून तर गिऱ्हाईकच बदललंय, समोर शाळकरी पोरगा नसून दुसऱ्या कॉलेजात दोन-तीन वर्षं खेळलेला बाप्या असतो, त्याचा एजंट फोनवर आधी पैशाचा आकडा विचारतो, आणि असिस्टंटने शाळेच्या कोचशी जपलेली दहा वर्षांची ओळख तिथे फारशी चालत नाही.