फुकट मिळणारे पुस्तक आणि हक्कमुक्त पुस्तक

मुंबईतल्या एखाद्या वाचकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जुन्या कादंबरीची पीडीएफ येऊन पडली, की ती फुकट मिळाली म्हणजे तिच्यावर आता कोणाचाच हक्क उरला नसणार, असे सहज गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात फुकट वाचायला मिळणे हा पुस्तक ठेवणाऱ्याच्या मर्जीचा भाग आहे आणि हक्कमुक्त होणे हा कायद्याने ठरवलेल्या मुदतीचा.

ही मुदत मोजणे अवघड नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरचा हक्क त्याच्या निधनानंतर येणाऱ्या १ जानेवारीपासून ६० वर्षे टिकतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. पण १९४१ मध्ये निवर्तलेल्या रवींद्रनाथ ठाकुरांचे साहित्य मुक्त होण्याची वेळ आली तेव्हा ती दहा वर्षांनी वाढवण्यात आली, आणि ती दहा वर्षे मराठी वाचकालाही मोजावी लागली. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे ‘श्यामची आई’ २००१ ऐवजी २०११ च्या आरंभी मुक्त झाली. हरिभाऊ आपटे आणि गडकरी, दोघेही १९१९ मध्ये गेलेले, केव्हाच मोकळे झाले आहेत. वि. स. खांडेकर मात्र १९७६ मध्ये गेल्यामुळे त्यांच्या हयातीत छापल्या गेलेल्या कादंबऱ्यांसाठी २०३७ उजाडावे लागेल, मग त्यांची पीडीएफ कितीही गटांवर फिरत असो. लेखन मरणोत्तर प्रसिद्ध झाले असेल, तर ६० वर्षे प्रकाशनापासून मोजतात. बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांना हाच नियम लागू पडला.

फुकट असूनही मुक्त नसलेल्या पुस्तकांचे सर्वांत चांगले उदाहरण प्रभादेवीतच सापडते. तिथल्या महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तके त्याच्या संकेतस्थळावरून बिनपैशाने उतरवून घेता येतात. पण तेवढ्याने ती कोणालाही छापून विकण्याची मुभा मिळत नाही. इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथालयात वाचकही स्कॅन चढवतात, तेव्हा पुस्तक तिथे दिसणे हा मुक्ततेचा पुरावा मुळीच नव्हे. हक्काखालची पुस्तके ठरावीक वेळेसाठी वाचायला देण्याच्या त्या संस्थेच्या पद्धतीवरून अमेरिकेतल्या प्रकाशकांनी २०२० मध्ये दावा लावला आणि २०२४ मध्ये अपिलातही निकाल संस्थेच्या विरोधात गेला.

उलट बाजूही आहे. हक्कमुक्त पुस्तक फुकटच दिले पाहिजे असे बंधन नसल्यामुळे ‘श्यामची आई’ दादरच्या दुकानांत किंमत मोजूनच घ्यावी लागते, आणि त्यात गैर काही नाही. शिवाय मूळ संहिता मोकळी असली तरी तिच्याभोवतीचे लेखन मोकळे असतेच असे नाही. ज्ञानेश्वरीवर हक्क सांगणारा कोणी नाही. पण अलीकडच्या एखाद्या सार्थ आवृत्तीतला अर्थ, टिपा आणि प्रस्तावना ज्याने लिहिली त्याच्या किंवा त्याच्या वारसांच्या मालकीची असू शकते. म्हणून स्कॅन उघडल्यावर मुखपृष्ठाच्या आधी हक्कांची नोंद असलेले मागचे श्रेयपान पाहावे, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

खात्री करण्याचा त्रास नको असेल, तर मराठी विकिस्रोत या ऑनलाइन ग्रंथसंग्रहापासून सुरुवात करावी, कारण मुक्त नसलेले साहित्य ठेवायचे नाही हा त्या प्रकल्पाचा नियमच आहे. तिथे छापील पानाचे चित्र आणि टंकलिखित मजकूर शेजारी-शेजारी पाहता येतात: लाल खुणेचे पान अजून तपासायचे असते, पिवळे एकदा तपासलेले आणि हिरवे दुसऱ्या कोणीतरी पुन्हा पडताळलेले असते.

नुसते वाचणाऱ्याला हा फरक फारसा जाणवणार नाही. तो जाणवतो पुस्तकाचे पुढे काही करायचे ठरल्यावर. गिरगावातल्या हौशी मंडळींनी ‘एकच प्याला’ बसवला, तर गडकऱ्यांच्या वारसांची परवानगी लागत नाही. नाटकाची संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र ही वेगळी बाब. तेच ‘तो मी नव्हेच’ तिकीट लावून करायचे झाले, तर आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेल्यामुळे २०२९ संपेपर्यंत हक्कधारकांकडे अर्ज करावाच लागेल, संहिता इंटरनेटवरून फुकट मिळाली असली तरी.